मन नुसतं प्रतिबिंब असतं का? भौतिकवादावर जरा लांबलेलं उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत परत मांडतो, कारण त्यात दोन-तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत. तुम्ही लिहिलंय की एमएच्या पहिल्या वर्षाच्या नोट्समध्ये वाक्य आहे, "पदार्थ आधी, मन नंतर, मन म्हणजे पदार्थाचं प्रतिबिंब". यात तुम्हाला दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे मन नुसतं प्रतिबिंब असेल तर चळवळींनी, भाषणांनी, पुस्तकांनी समाज बदलतो असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो. आणि दुसरं, बाबासाहेब म्हणतात जात ही मनाची अवस्था आहे, मग ते भौतिकवादाच्या विरुद्ध बाजूचे झाले का, पेपरात त्यांना कुठल्या रकान्यात टाकायचं.

मी नाशिकरोडला राहतो. पंचवीसेक वर्षं कॉलेजात हाच विषय शिकवला आणि जवळपास तेवढीच वर्षं रविवारी सकाळी सातपूरला कामगारांचा अभ्यासवर्ग घेतोय. हा प्रश्न दोन्हीकडे येतो, फक्त उलट्या बाजूंनी. कॉलेजात मुलं विचारतात की मग विचारांना किंमतच नाही का, आणि वर्गात एखादा कामगार म्हणतो, सर पोट भरलेलं असलं तरच डोकं चालतं हे आमच्या आजीलाही माहीत होतं, मार्क्सने नवीन काय सांगितलं? दोघांनाही मी एकच सांगतो, की भौतिकवाद ह्या शब्दाखाली आपण काय ऐकतोय ते आधी तपासू.

कारण घोळ शब्दापासूनच सुरू होतो. "भौतिक" म्हटलं की डोक्यात फिजिक्स येतं. जुन्या पुस्तकांत तर "जडवाद" असा शब्द सापडतो, म्हणजे दगड, माती, लोखंड, जे आपणहून हलत नाही ते. त्यात कीर्तनाला गेलं की बुवा सांगतात भौतिक सुखाच्या मागे लागू नका, तिथे भौतिक म्हणजे पैसा आणि चैन. हा तिसरा अर्थ पूर्ण बाजूला ठेवा, त्याचा आपल्या विषयाशी काही संबंध नाही, भौतिकवादी माणूस फाटक्या चपलेनेही फिरू शकतो. उरले दोन प्रश्न. मन कशाचं बनलंय, हा एक. आणि समाजात माणसांच्या डोक्यात जे विचार असतात ते येतात कुठून आणि टिकतात कशाने, हा दुसरा. तुमच्या नोट्समधल्या वाक्यात पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवलंय, म्हणून ते तुम्हाला टोचतंय, आणि टोचायलाच पाहिजे.

पहिला प्रश्न फार जुना आहे आणि आपल्याकडचाही आहे. चार्वाकांचं, म्हणजे देहाबाहेर आत्मा न मानणाऱ्या आपल्याकडच्या जुन्या विचारवंतांचं, म्हणणं १४व्या शतकातल्या सर्वदर्शनसंग्रहात माधवाचार्यांनी नोंदवलंय, विरोधकाच्या हातचं असलं तरी बऱ्यापैकी नीट. पृथ्वी, आप, तेज, वायू ही चार भूतं देहाच्या रूपात एकत्र आली की त्यांच्यातूनच चैतन्य उपजतं, जशी किण्वापासून मादकता उपजते. किण्व म्हणजे आंबवण्यासाठी घालतात ते, आजच्या भाषेत यीस्ट म्हणा. नाशिककरांना हे वेगळं समजवावं लागत नाही. दिंडोरीकडच्या एका वायनरीत काम करणारा माझा एक विद्यार्थी वर्गात म्हणाला होता, सर द्राक्षाच्या रसात नशा नसते, यीस्टमध्ये नसते, टाकीत तर नसतेच, पण हे सगळं एकत्र ठेवून टेंपरेचर सांभाळलं की काही दिवसांनी ती असते, आणि बाहेरून कोणी आणून ओतलेली नसते. यापेक्षा चांगलं भाष्य मी वाचलेलं नाही. यात लक्षात घ्या, चार्वाक चैतन्य नाकारत नाहीत. नशा खरी असते, प्यायलेल्याला विचारा. ते एवढंच म्हणतात की ती वेगळ्या दुनियेतून आलेली नाही.

याचीच एक ढोबळ आवृत्ती १९व्या शतकात युरोपात आली. कार्ल फोग्ट नावाच्या शास्त्रज्ञाने लिहिलं की यकृताचं पित्ताशी जे नातं तेच मेंदूचं विचाराशी. मार्क्स आणि त्याचा सहकारी एंगल्स दोघांनाही हा भौतिकवाद पटत नव्हता, एंगल्सने तर त्याला सरळ बाजारू म्हटलंय, आणि नेमकं हेच लोक विसरतात. समाजशास्त्राच्या दृष्टीने त्यातली अडचण साधी आहे. समजा उद्या मेंदूतल्या प्रत्येक पेशीचा नकाशा हातात आला, तरी त्यावरून हे कळेल का की १९३० साली नाशिकमध्ये काही माणसांना देवळाचं दार बंद ठेवणं धर्माचं काम का वाटलं आणि काहींना ते उघडायला लावणं माणुसकीचं काम का वाटलं? मेंदू तर सगळ्यांचा सारखाच. म्हणून तुमचा पेपर तत्त्वज्ञानाचा असेल तर ह्या प्रश्नावर हवं तितकं थांबा, पण समाजशास्त्राचा असेल तर नमस्कार करून पुढे निघा.

आता दुसरा प्रश्न, आपला. राजकीय अर्थशास्त्रावरच्या १८५९ च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतलं मार्क्सचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं, की माणसाची जाणीव त्याचं अस्तित्व ठरवत नाही, तर त्याचं सामाजिक अस्तित्व त्याची जाणीव ठरवतं. मी इतकी वर्षं पेपर तपासले, दहातले सात जण यातला "सामाजिक" हा शब्द गाळतात, आणि तो गाळला की वाक्य फोग्टचं होतं. मार्क्सचा भर त्या शब्दावर आहे. त्याआधी १८४५ साली त्याने फॉयरबाख ह्या जर्मन तत्त्वज्ञावर ११ लहान टिपणं लिहून ठेवली होती, त्याच्या हयातीत ती छापलीही गेली नाहीत, एंगल्सने १८८८ मध्ये छापली. त्यातल्या पहिल्याच टिपणात तो म्हणतो की आत्तापर्यंतच्या सगळ्या भौतिकवादाची मुख्य चूक ही, की तो जगाकडे समोर पडलेली वस्तू म्हणून बघतो, माणसाची कृती म्हणून बघत नाही. म्हणजे "भौतिक" मध्ये दगड-माती तर आहेच, पण माणसं एकमेकांबरोबर मिळून रोज जे करतात, कोण कुठे उभं राहतं, किती तास, कुठल्या हत्यारावर, कोणाच्या हुकमाने आणि पिकलेलं कोणाच्या घरी जातं, हे सगळंही भौतिकच आहे.

मी वर्गात ह्यासाठी खिशातली नोट काढतो. आमच्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात, त्याआधी त्या इंग्लंडहून छापून यायच्या. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आठला घोषणा झाली आणि बारा वाजल्यापासून पाचशे आणि हजारच्या नोटा चलनातून गेल्या, मूल्याने बघितलं तर देशातलं सुमारे ८६ टक्के चलन. आता सांगा, त्या चार तासांत कागदाचं काय बदललं? शाई तीच, वॉटरमार्क तोच, तार तीच. मग ती किंमत मनात होती म्हणावं तर तुम्ही एकट्याने मनाशी कितीही ठरवलंत की माझी हजारची चालते, तरी भाजीवाली घेणार होती का? नाही. म्हणजे किंमत कागदाच्या अणूरेणूतही नव्हती आणि कोणा एकाच्या डोक्यातही नव्हती, ती होती करोडो माणसांच्या देण्याघेण्यात आणि त्यामागे उभ्या असलेल्या सरकारी हुकमात. मार्क्सने १८६७ च्या "भांडवल" ह्या ग्रंथात लिहिलंय की मोत्यात किंवा हिऱ्यात विनिमयमूल्य सापडलेला केमिस्ट अजून जन्मायचाय. जगातला सगळ्यात प्रसिद्ध भौतिकवादी सांगतोय की मूल्यात पदार्थाचा एक कणही नसतो! हे वाक्य एकदा नीट पचलं की जडवाद शब्द आपोआप गळून पडतो.

पण मन घडतं कसं, हे नोटेवरून पूर्ण कळत नाही, त्यासाठी घड्याळाचं उदाहरण देतो. अभ्यासवर्गात पेठ तालुक्यातला एक मुलगा यायचा, घरी भात आणि नागली, इकडे एका कारखान्यात सीएनसी मशीनवर. तो म्हणाला, पहिले सहा महिने मला कामाचा त्रास नाही झाला सर, घड्याळाचा झाला. पंचिंगला पाच मिनिटं उशीर की अर्धा दिवस कट, टॉयलेटला गेलं की सुपरवायझर घड्याळ बघणार, एक पार्ट किती सेकंदात निघाला पाहिजे ते बोर्डवर लिहिलेलं. दोन वर्षांनी तोच मुलगा शिमग्याला गावी जाऊन आला आणि वैतागून मला सांगत होता की बाबा दिवसभर अंगणात बसून टाइमपास करतात, त्यांना वेळेची किंमतच नाही. मी त्याला विचारलं, आवणीच्या दिवसांत बाबा किती वाजता उठतात? तो गप्प झाला, मग म्हणाला, अंधारात. किती वाजता परत? अंधारात. मग अंगणात बसणं टाइमपास कधीपासून झालं? बापाचा वेळ कामाने मोजला जायचा, पाऊस पडला की राबातलं रोप काढून चिखलात लावायचं आणि ते संपेपर्यंत थांबायचं नाही, काम नसेल तर बसायचं. मुलाचा वेळ विकला जातो, म्हणून तो "वाया" जाऊ शकतो. इंग्लंडमध्ये कारखाने आले तेव्हा तिथल्या कामगारांचं हेच कसं झालं यावर ई. पी. थॉमसनने १९६७ साली एक प्रसिद्ध निबंध लिहिलाय, जमलं तर वाचा. वेळ वाया जातो हा विचार त्या मुलाला कोणी लेक्चर देऊन शिकवला नव्हता. पंचिंग मशीनने शिकवला, रोज, दोन वर्षं. आणि आता तो त्याचा स्वतःचा, मनापासूनचा विचार होता, इतका की बापावर राग यावा.

बाहेरची गोष्ट आत कशी जाते यावर सगळ्यात नीट काम मला वायगॉट्स्कीचं वाटतं, रशियन मानसशास्त्रज्ञ, १९३४ मध्ये अवघ्या ३७व्या वर्षी गेला. त्याचं म्हणणं, मूल आधी इतरांशी बोलतं, मग स्वतःशी मोठ्याने बोलतं, मग तेच बोलणं आवाज न करता आत चालू राहतं आणि त्यालाच आपण विचार करणं म्हणतो. माझी नात चपला घालताना आईच्या आवाजात स्वतःलाच दटावते, "उजवी उजव्यात, नीट बघ". दोन वर्षांनी ती हे मोठ्याने म्हणणार नाही, पण आईचं ते "नीट बघ" आत राहीलच. तर मन मेंदूशिवाय चालत नाही हे खरं, पण त्यात भरलेलं सामान बाहेरून, लोकांकडून येतं.

आता प्रतिबिंब ह्या शब्दाकडे वळतो. लेनिनने १९०९ मध्ये तो भरपूर वापरला, पण त्याचं भांडण वेगळं होतं, जग आपल्या मनाबाहेर खरोखर आहे की नाही ह्यावरचं, आणि आपल्याला होणारं ज्ञान त्या जगाचं प्रतिबिंब असतं असं तो म्हणत होता. पुढे पाठ्यपुस्तकांनी आणि नोट्सनी तोच शब्द उचलून धर्म, जात, नीती, कला सगळ्याला लावला. आरशातलं प्रतिबिंब काही करत नाही, तुम्ही बाजूला झालात की ते गेलं. समाजातले विचार असे वागत नाहीत.

मुंबईच्या कापड गिरण्यांचं उदाहरण घ्या. विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण तिथे अस्पृश्य कामगारांना शिरू देत नव्हते. का? धोट्यात, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या तुकड्यात, नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा, आणि सवर्ण कामगारांना त्या धाग्याला लागलेली थुंकी चालत नव्हती. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा मुद्दा लावून धरला होता, सगळ्या मागण्यांसाठी सगळे एकत्र लढणार असू तर विणखात्याचं दार आमच्यासाठी का बंद? मार्क्सवादी नोट्समध्ये अर्थव्यवस्थेला पाया आणि त्यावर उभ्या धर्म, कायदा, विचारांना इमला म्हणतात. आता हे पाया आणि इमला अशा दोन मजल्यांत बसवून दाखवा. विटाळ ही कल्पना, म्हणजे नोट्सप्रमाणे इमला. पगार, खातं, मशीन हा पाया. पण इथे कल्पनाच ठरवतेय की कोणाला कुठल्या मशीनवर उभं राहता येईल आणि महिनाअखेर हातात काय पडेल. विटाळ त्या धाग्यावर होता, हजेरीच्या रजिस्टरमध्ये होता. एंगल्सला ही अडचण दिसत होती. सप्टेंबर १८९० मध्ये योसेफ ब्लोखला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की शेवटी निर्णायक ठरतं ते प्रत्यक्ष जगण्याचं उत्पादन आणि पुनरुत्पादन, यापेक्षा जास्त मी किंवा मार्क्सने कधी म्हटलेलं नाही, आणि तरुण लोक आर्थिक बाजूवर नको तितका भर देतात त्याचा थोडा दोष आमच्याकडेच येतो. पेपरात हे पत्र जरूर लिहा.

इथपर्यंतचं दोन ओळीत सांगतो. समाजशास्त्रातला भौतिकवाद मन आहे की नाही यावर भांडत नाही, एखादा विचार रोजच्या कुठल्या कृतीत, कुठल्या व्यवस्थेत घर करून बसलाय ते शोधायला सांगतो. आणि तो विचार तिथे बसून कामही करत असतो.

आता बाबासाहेब. १९३६ च्या जातिप्रथेचे विध्वंसन ह्या न झालेल्या भाषणात ते म्हणतात की जात ही विटांची भिंत किंवा काटेरी तार यांसारखी वस्तू नाही, ती एक कल्पना आहे, मनाची अवस्था आहे. हे वाक्य कोणी लिहिलंय ते बघा. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं त्या काळ्या दगडाच्या देवळाच्या बंद दारांसमोर बसली, पाचेक वर्षं हे चाललं आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. बंद दार म्हणजे काय हे बाबासाहेबांना कोणी सांगायची गरज नव्हती. तरी ते म्हणतात भिंत नाही, कारण भिंत पाडता येते, आणि त्यांनी पाहिलं होतं की दार उघडलं तरी ते बंद ठेवणारी गोष्ट शाबूत राहील.

पण पुढची पानं वाचा, तिथेच लोक थांबतात. मनाची अवस्था बदलायला ते सुचवतात काय? चांगले विचार करा, असं नाही. आंतरजातीय विवाह हा खरा उपाय म्हणतात, आणि १९१६ च्या कोलंबियातल्या निबंधापासून त्यांचं म्हणणंच हे होतं की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्याच्या व्यवस्थेने. मग शास्त्रांचं प्रामाण्य मोडा म्हणतात. मग अगदी तपशिलात शिरतात, पुरोहितपण वंशपरंपरेने चालता कामा नये, परीक्षा देऊन सनद मिळालेल्यालाच ते करता यावं, तो सरकारचा नोकर असावा, पुरोहितांची संख्या कायद्याने ठरवावी. म्हणजे निदान करताना शब्द "मनाची अवस्था" आणि औषधाच्या यादीत लग्न, ग्रंथाचा अधिकार, परीक्षा, सनद, नोकरी! ह्या माणसाला आयडिअलिस्ट, म्हणजे विचारच सगळ्याचं मूळ मानणारा, कसं म्हणणार? आणि मार्क्सवादीही म्हणता येत नाही, कारण त्याच भाषणात ते समाजवाद्यांना सुनावतात की सत्ता फक्त मालमत्तेतून येत नाही, धर्मातून आणि सामाजिक दर्जातूनही येते. पुढे १९३८ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. दोन्ही एका दमात, एक पाया आणि एक इमला असं नाही. म्हणून माझा सल्ला, त्यांना कुठल्याच रकान्यात टाकू नका, रकान्यांची आखणीच कुठे चुकते ते त्यांच्या आधाराने दाखवा. परीक्षक कोण आहे यावर मार्क थोडे इकडेतिकडे होतील, पण उत्तर बरोबर असेल.

राहिला तुमचा पहिला प्रश्न, भाषणांनी आणि पुस्तकांनी काय होतं. फॉयरबाखवरच्या तिसऱ्या टिपणात मार्क्स म्हणतो, माणूस परिस्थितीने घडतो हे म्हणणारे विसरतात की परिस्थिती माणसंच बदलतात, आणि शिकवणाऱ्यालाही शिकावं लागतं. हे मी कितीतरी वर्षं फळ्यावर लिहिलं, कळलं मात्र सातपूरच्या वर्गात. वरकड मूल्यावर, म्हणजे कामगार निर्माण करतो पण त्याला न मिळता मालकाकडे जातं त्या मूल्यावर, मी चार रविवार बोललो होतो, मान डोलावून सगळे ऐकत होते. पाचव्या रविवारी एका ताईंनी दोन पगाराच्या स्लिपा सतरंजीवर शेजारी शेजारी ठेवल्या. एक त्यांची, कंत्राटी. दुसरी त्यांच्याच लाइनवर तेच काम करणाऱ्या परमनंट बाईची, तिच्याकडून मागून आणलेली. बारा-पंधरा माणसं वाकून बघायला लागली. बेसिक किती, पीएफ कशावर कापला, ओव्हरटाइमचे तास इथे दिसतायत पण दर दुप्पट का नाही लावलेला, आणि ह्या "इतर कपात" म्हणजे काय? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी एका वकील मित्राकडे बसून स्लिप वाचायला शिकलो, आणि त्या ताईंनी तोवर आपल्या लाइनवरच्या अकरा जणींच्या स्लिपा गोळा केल्या होत्या, प्लास्टिकच्या पिशवीत, तारखेप्रमाणे लावून. माझी चार भाषणं फुकट गेली असं मी म्हणणार नाही, स्लिपा शेजारी ठेवून बघायच्या हे त्यांना कुठूनतरी सुचलं होतंच. पण विचार हातात धरता आला तो त्या कागदांमुळे, आणि मग त्या अकरा जणी एकत्र जाऊन ठेकेदाराला विचारू शकल्या.

पेपर कधी आहे ते सांगा. त्या तिसऱ्या टिपणाचं मी केलेलं मराठी भाषांतर आहे, अर्धं पान, टाइप करून इथेच टाकतो.